उसनी कुऱ्हाड

जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात, सहाव्या अध्यायाच्या आरंभी, एक लहानशी घटना येते. अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांना राहती जागा अपुरी पडू लागली, म्हणून ते लाकडे तोडण्यासाठी यार्देन नदीकाठी गेले. गुरूही त्यांच्याबरोबर गेले. एक शिष्य झाड तोडत असता त्याच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून पाण्यात पडले. तो कळवळून ओरडला. पाते गेल्याचे दुःख होतेच. परंतु त्याहून मोठे दुःख हे, की ती कुऱ्हाड त्याची नव्हती, कुणाकडून तरी मागून आणलेली होती. अलीशा त्याला रागे भरला नाही. दांडा घट्ट बसवला होतास का, असेही त्याने विचारले नाही. पाते कुठे पडले, एवढेच विचारले. शिष्याने जागा दाखवली, संदेष्ट्याने एक काठी तोडून तेथे टाकली, लोखंड तरंगू लागले आणि शिष्याने स्वतः हात पुढे करून ते उचलून घेतले.

सेमिनरीत असताना हा उतारा आम्ही चमत्कारांच्या यादीत टाकून पुढे गेलो होतो. लाल समुद्र दुभंगणाऱ्या परमेश्वराने एका कुऱ्हाडीसाठी एवढा खटाटोप का करावा, असा थट्टेचा सूरही आमच्यापैकी काहींनी लावला होता. गोष्टीतील मंडळी विद्यार्थी आहेत, हरवलेली वस्तू त्यांच्या कामाचे साधन आहे आणि ते साधन उसने आहे, या तीन साध्या तपशिलांकडे तेव्हा कुणाचेच लक्ष गेले नाही. माझे लक्ष गेले ते फार उशिरा, आणि त्याला कारण झाले एक लोखंडी कपाट.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या सल्लागार समितीवर मी होतो. तेथील ग्रंथालयाच्या कोपऱ्यात हे कपाट ठेवण्यात आले. अपंगत्वामुळे, आजारामुळे अथवा दुखापतीमुळे ज्यांना अभ्यास करणे किंवा काम करणे जड जाते, अशा विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना उपयोगी पडणारी साधने त्यात होती. पांढऱ्या काठ्या, कोपरापर्यंत आधार देणाऱ्या कुबड्या, ब्रेल लिहिण्याच्या पाट्या व टोचण्या, हातात धरायची भिंगे, बोलणारे गणकयंत्र, व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्याची यंत्रे, लिहिताना मनगट वाकू नये म्हणून उतरती केलेली लाकडी फळी, जाड मुठीची पेने, पाठीला टेकायच्या उशा, पाय ठेवायचा पाट, उभा धरायचा माऊस, गळ्यात अडकवायचा छोटा ध्वनिक्षेपक. चाकांच्या दोन खुर्च्या कपाटाशेजारी घडी घालून उभ्या असत. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले होते आणि वस्तू विचारपूर्वक घेतल्या होत्या. नियमावली तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. फादर मराठी बरे लिहितात, हे त्याचे कारण.

मी नियम लिहिले. योगायोगाने तेही दहाच झाले. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे, विभागप्रमुखांची शिफारस आणावी, पालकांची स्वाक्षरी घ्यावी, हजार रुपये अनामत ठेवावी, वस्तू पंधरा दिवसांत परत करावी, सुट्टी लागण्यापूर्वी सर्व साधने जमा करावीत, वगैरे. भाषा निर्दोष होती. वर्षअखेरीस नोंदवहीत पाच नावे होती. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणाले, आपल्याकडे गरजूच फारसे नाहीत, ही आनंदाची गोष्ट आहे. मीही मान डोलावली.

पुढे दोनेक वर्षांनी माझ्या धर्मग्रामातील एक मुलगी स्नानसंस्काराचा दाखला मागायला आली. ती त्याच महाविद्यालयात शिकली होती. दाखला लिहिता लिहिता मी सहज चौकशी केली. तिला लहानपणापासून सांधेदुखी होती. काही दिवस बोटे सुजत, काही दिवस अगदी ठीक असत. कपाटातली ती उतरती फळी आणि जाड पेन तिला हवे होते. पहिल्यांदा गेली तेव्हा प्रमाणपत्र मागितले. ते काढायला ती सरकारी इस्पितळात गेली. "फादर, ज्या दिवशी गेले त्या दिवशी नेमकी बोटं दुखत नव्हती," ती म्हणाली. डॉक्टरांनी मुठी उघडायला-मिटायला लावल्या, आणि चाळीस टक्के भरत नाही असे सांगून परत पाठवले. दुसऱ्यांदा गेली तेव्हा विभागप्रमुखांचे पत्र नव्हते. तिसऱ्यांदा ती गेली नाही. शेवटच्या वर्षाचा एक पेपर तिने अर्ध्यातच सोडला आणि वर्षभराने तो पुन्हा दिला. हे सारे तिने तक्रारीच्या स्वरात सांगितले नाही. नियम कुणी लिहिले हे तिला ठाऊक नव्हते. मी त्या क्षणी ते सांगितलेही नाही. दाखल्यावर शिक्का मारून तिच्या हाती दिला.

त्यानंतर बरेच दिवस एक प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. वस्तू उसनी देणे हे नेमके कोणत्या प्रकारचे कृत्य आहे? ते दान आहे, न्याय आहे, की निव्वळ व्यवहार?

आपल्या भाषेने या बाबतीत बारीक भेद केले आहेत. उधार घेतले की पैसे चुकवायचे असतात. उसने घेतले की तेवढेच आणि तसेच परत करायचे असते. वाटीभर साखर नेली तर वाटीभर साखर. दान परत येत नाही. आणि शिडी, कुदळ किंवा मोठे पातेले आपण मागून नेतो. काम झाले की तीच वस्तू घरी पोचवतो. संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजाविषयी लिहिताना असाच भेद केला आहे. धान्य व मद्य वापरताच संपते, तेथे वस्तू आणि तिचा वापर वेगळे काढता येत नाहीत. घराचे मात्र तसे नाही, मालकी एकाकडे ठेवून वापर दुसऱ्याला देता येतो. फुकट वापरायला दिलेल्या वस्तूसाठी रोमन कायद्यातही वेगळे नाव होते. अशा देण्यात देणारा गरीब होत नाही आणि घेणारा मिंधा होत नाही. निदान होऊ नये.

आमच्या गावांतून लग्नाचे टोप, पराती आणि मोठमोठी पातेली गावकीच्या मालकीची असत. ज्याच्या घरी कार्य असेल तो घेऊन जाई, आणि घासूनपुसून परत आणी. तुझ्या घरी खरोखर लग्न आहे याचा पुरावा आण, असे कुणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. भांडी नेताना कुणाची मान खाली जात नसे. आज याच्या घरी कार्य, उद्या त्याच्या घरी; भांडी सगळ्यांचीच होती. आमच्या कपाटात आणि त्या टोपांत फरक पडला तो इथे. आम्ही ते कपाट 'त्यांच्यासाठी' केले होते. ज्यांना आपण कधी त्यांच्यातले होऊ असे वाटत नाही अशा माणसांनी, ज्यांना आपण नेहमी वेगळेच राहणार असे वाटते अशा माणसांसाठी ते उघडले होते. मग त्याला कुलूप लावणे ओघानेच आले.

वास्तविक त्या कपाटाची गरज कुणाला पडत नाही? पाय मोडलेल्या फुटबॉलपटूला दीड महिना चाकांची खुर्ची लागते. कार्यालयातील कारकून सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत संगणकापुढे बसतो, खुर्ची एका उंचीची, टेबल दुसऱ्या उंचीचे. पाचेक वर्षांत त्याची मान धरते. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात पंख्यांच्या आवाजावर आवाज चढवणाऱ्या प्राध्यापिकेचा घसा बसतो, आणि तो कायमचाच बिघडतो. या कर्मचारीवर्गाचे दुःख तर विद्यार्थ्यांहून अधिक मुके असते. एका कारकुनाला मी विचारले होते, की पाठीची उशी तुम्ही का नेत नाही? तो म्हणाला, "फादर, उशी मागितली तर उद्या म्हणतील, याला आता काम झेपत नाही." त्याचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशे टेकडीवर हात उभारून उभा आहे. हात जड होतात. तेव्हा अहरोन व हूर एक धोंडा आणून त्याच्याखाली ठेवतात, त्याला त्यावर बसवतात आणि दोघे दोन बाजूंनी सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात सावरून धरतात. मोशेच्या थकव्याची टक्केवारी कुणी काढली नाही. आणि तो धोंडा मोशेच्या नावे कायमचा झाला असेही नाही. संध्याकाळी तो टेकडीवरच राहिला असणार. मला वाटते, काम करणाऱ्याच्या शरीराला बसेल असे आसन देण्याचा इतका स्पष्ट प्रसंग पवित्र शास्त्रात दुसरा नसावा. त्याच मोशेने आपण बोलण्यात जड आहोत असे सांगितले, तेव्हा परमेश्वर त्याच्यावर संतापला खरा, तरीही त्याने अहरोनला त्याचे तोंड म्हणून दिले. रागावूनही दिले, हे मला मोठे दिलासा देणारे वाटते.

आता कायद्याकडे वळतो. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारची अपंगांना साहाय्यक साधने पुरवण्याची योजना सुरू झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावरील आपल्या विश्वपत्रात अपंग व्यक्तींच्या कामासाठी एक स्वतंत्र परिच्छेद दिला. पूर्णपणे धडधाकट असलेल्यांनाच कामात स्थान देणारा समाज माणुसकीला शोभत नाही, असा त्याचा आशय आहे. २०१६ साली आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. परंतु त्याच्या सतराव्या कलमात एक बाब आहे, जी मी पुन्हा पुन्हा वाचली. विद्यार्थ्यांना पुस्तके आणि योग्य ती सहायक साधने विनामूल्य द्यावीत असे ते सांगते. मात्र ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक आहे त्यांनाच, आणि वयाच्या १८ वर्षांपर्यंत. म्हणजे मुलगा महाविद्यालयाच्या दारात पाऊल टाकतो तेव्हा हे हक्काचे देणे संपत आलेले असते. शाळेने दिलेले भिंग परत गेले की पुढचा आधार त्या कपाटाचाच.

चाळीस टक्क्यांच्या या उंबरठ्याचेही असेच. लिहिताना हाताचे स्नायू आखडतात अशा एका परीक्षार्थीला लेखनिक नाकारण्यात आला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की चाळीस टक्क्यांची अट जेथे कायद्याने घातली आहे तेथेच ती लागू; वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या उंबरठ्यावर अडत नाही. तो निर्णय वाचताना मला त्या मुलीची बोटे आठवली. ज्या ठिकाणी कायद्याने अट घातली नव्हती, त्या ठिकाणी ती मी घातली होती, आणि तीही कायद्याचा अभ्यास न करता, कागद व्यवस्थित दिसावा म्हणून.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात एक ताकीद आहे. जे न्यायाने देणे लागतो, ते दयेची भेट म्हणून देऊ नये. आपण ख्रिस्ती लोक सेवाकार्यात पुढे असतो आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमानही आहे. म्हणूनच ही ताकीद आपल्याला अधिक लागू पडते. चौथ्या शतकातील संत बाझील तर आणखी पुढे जातात. पेटीत कुलूपबंद ठेवलेला झगा उघड्याचा आहे, असे ते श्रीमंतांना बजावतात. त्यांच्या हिशेबाने त्या कपाटातील फळी त्या मुलीचीच होती. आम्ही ती तिच्यापासून पंधरा-पंधरा दिवस नव्हे, तीन वर्षे उसनी घेऊन ठेवली होती.

एवढे झाल्यावर मी ग्रंथपालबाईंकडे गेलो. तीस वर्षे नोकरी झालेल्या, कडक शिस्तीच्या. माझे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "फादर, तुम्ही प्रवचन देऊन जाल. हे सगळं डेड स्टॉक रजिस्टरमध्ये माझ्या सहीवर आहे. ऑडिटला एक वस्तू कमी भरली की खुलासा मला द्यावा लागतो." आदल्या वर्षी एक ध्वनिमुद्रण यंत्र मोडून परत आले होते, तर दुसरे आलेच नव्हते. नेणारा मुलगा धडधाकट होता. त्याला ते गाण्यांसाठी हवे होते. लबाड माणसे असतात, हे मला पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून इतकी वर्षे काढल्यावर कुणी सांगायची गरज नाही. आणि न परतलेल्या त्या यंत्रासाठी एक दृष्टिहीन विद्यार्थी परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे थांबला होता, हेही खरे. परत करणे ही देणाऱ्याची मर्जी राखण्याची बाब नव्हे. रांगेतल्या पुढच्या माणसाचा तो हक्क आहे. बाईंच्या कडकपणातही न्याय होता.

पण त्यात भीतीही होती, आणि त्या भीतीचे मूळ नियमांत नसून रजिस्टरात होते. यार्देनच्या काठावर ओरडला तो शिष्य एकटा नव्हता. कपाटाची किल्ली कंबरेला लावून बसलेल्या बाईंचाही आवाज त्यात होता. वस्तू त्यांची नव्हती, जबाबदारी मात्र त्यांची. अशा माणसाकडून सढळ हाताची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. संस्थेने आधीच ठरवले पाहिजे, की दरवर्षी अमुक वस्तू मोडतील, अमुक हरवतील, आणि तो तोटा संस्थेचा. काचसामान फुटते म्हणून रसायनशास्त्राची प्रयोगशाळा कुणी बंद केलेली नाही.

तारण घेऊच नये का? पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तारण घेण्याला परवानगी आहे, पण तिला कुंपणे घातली आहेत. जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण त्यावर माणसाचे जगणे अवलंबून असते. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत करावे. आणि मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे: तारण आणण्यासाठी सावकाराने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे; तो जे आणून देईल ते घ्यावे. घरात शिरू नये! आमच्या अर्जात आजाराचे नाव, कधीपासून, कोणते औषध, कुटुंबात आणखी कुणाला, असे चार रकाने होते. आम्ही उंबरा ओलांडून थेट आतल्या खोलीत शिरलो होतो, तेही एका पेनासाठी.

उसनवारीच्या मर्यादाही मला नंतर उमगल्या. काही साधने वापरता वापरता शरीराचाच भाग होतात. श्रवणयंत्र एकाच्या कानाला बसवले की दुसऱ्याच्या उपयोगाचे राहत नाही. पांढऱ्या काठीची उंची माणसाच्या उंचीवर ठरते. अशा वस्तू उसन्या देण्यात अर्थ नाही, त्या देऊनच टाकल्या पाहिजेत. आणि तो सुट्टीचा नियम! मे महिन्यात वस्तू जमा करावयाची, म्हणजे मुलीने चाकांची खुर्ची कपाटाशेजारी उभी करून घरी जायचे आणि दीड महिना घरात बसून राहायचे. हा नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे खुर्ची होती, तिच्यात बसणारी व्यक्ती नव्हती. शिवाय साधन हाती देऊन भागत नाही, ते शिकवावे लागते. मुंबईच्या संत झेवियर महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठी २००३ सालापासून साधनकेंद्र आहे. अशा ठिकाणांचे खरे भांडवल यंत्रे नसतात, बाजूला बसून शिकवणारी माणसे असतात. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी एक चांगली प्रणाली २००६ सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे; ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी ती तयार केली. ती आमच्या महाविद्यालयातील संगणकावर कुणीतरी बसवूनही ठेवली होती. ती सुरू कशी करायची हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

समितीची मुदत संपण्यापूर्वी मी नियमावली पुन्हा लिहून ठेवली. तिच्यावर दोन बैठका वाद झाला. प्रमाणपत्राची अट गेली. त्याऐवजी अर्जात दोनच प्रश्न राहिले: कोणते काम करताना अडचण येते, आणि वस्तू किती दिवस लागेल. विद्यार्थी व कर्मचारी यांना अर्ज एकच. सुट्टीचा नियम रद्द झाला. अनामत मात्र राहिली. हजाराची दोनशे झाली, आणि ज्याला जमत नाही त्याच्यासाठी प्राचार्यांना ती माफ करण्याचा अधिकार मिळाला. हे मला पटलेले नाही, कारण त्यासाठी मुलाला प्राचार्यांच्या दारात उभे राहावे लागते. पण मतदानात माझी बाजू हरली. तोट्यासाठी वर्षाला काही रक्कम वेगळी काढण्याचे मान्य झाले, तेव्हा ग्रंथपालबाईंनी कपाटाची किल्ली कंबरेची काढून टेबलाशेजारच्या खिळ्याला अडकवली. तो कारकून अजून उशी नेत नाही. प्राध्यापिकाबाई ध्वनिक्षेपक घेऊन वर्गात गेल्या, तेव्हा पहिले दोन दिवस मुले हसली म्हणे.

त्या मुलीला नंतर एकदा मिस्सानंतर गाठून मी सांगितले, की ते नियम माझ्या हातचे होते. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तरीच फादर, भाषा फार छान होती." तिने क्षमा केली की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

ती उतरती फळी गेल्या पावसाळ्यात पहिल्या वर्षाच्या एका मुलाने नेली. किती दिवस लागेल या रकान्यात त्याने 'दुखतंय तोवर' असे लिहिले होते. बाईंनी ती नोंद तशीच ठेवली आहे. फळी अजून परत आलेली नाही.